गावंडे सर आणि उजवीकडचा दिवा

गावंडे सर निवृत्त झाले तेव्हा त्यांचं मानपत्र मी लिहिलं होतं. शाळेत मराठी शिकवणाऱ्याच्या नशिबी ही कामं असतातच. 'ज्ञानाचा अखंड झरा', 'विज्ञाननिष्ठ व्यक्तिमत्त्व', 'हजारो विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक' असं बरंच काही त्यात होतं. सरांनी ते चौकट करून बैठकीच्या खोलीत लावलं, त्यामुळे त्यांच्याकडे चहाला गेलं की मला माझीच भाषा समोर बघत बसावं लागतं. त्यातलं 'अखंड' तेवढं खरं होतं. बाकी सगळं मी खोटं लिहिलं. परवा त्याच चौकटीखाली बसून जे पाहिलं, त्यानंतर ते मानपत्र तसंच राहू देणं मला जमेना, म्हणून हे दुसरं लिहायला घेतलं आहे. याला कोणी चौकट करणार नाही.

उमरखेडला आमची आणि त्यांची घरं लागून आहेत. मधली भिंत कमरेएवढी. सव्वीस वर्षं आम्ही एकाच शाळेत होतो, ते विज्ञानाला आणि मी मराठीला. म्हणजे दिवसभर शाळेत आणि उरलेला वेळ भिंतीवरून, असा तो माणूस माझ्या वाट्याला आला. उंच, सडपातळ, खिशाला दोन पेनं, दिवाळी झाली की डोक्याला माकडटोपी. पण सरांचं खरं चित्र काढायचं तर एक बोट काढलं तरी पुरे. उजव्या हाताची तर्जनी. ती कायम वर असायची. समोरचा काहीही करत असला, भाजी निवडत असो की चप्पल शिवत असो, सर जवळ येऊन उभे राहत, बोट वर करत आणि म्हणत, "यात काय होतं, मी सांगतो."

आणि सांगत. दूधवाल्याला म्हशीबद्दल सांगत. शेजारच्या खेड्यातून मेथी घेऊन बसलेल्या म्हातारीला मेथी कशी पेरायची ते सांगत. ती बिचारी "हो बापू, हो बापू" करत जुड्या बांधत राही. डॉक्टरला स्वतःचं दुखणं सांगण्याऐवजी ते शरीरात कसं होतं हे सांगत. बोलताना एरवी पुस्तकी मराठी, चिडले की मात्र वऱ्हाडी आपोआप बाहेर पडायची. तेवढ्यापुरता मला तो माणूस जरा बरा वाटायचा.

स्वतः मात्र त्यांना काही येत नव्हतं. हे मी रागानं लिहीत नाही, पाहिलेलं लिहितो. सरांनी दुरुस्त केलेला पंखा उलटा फिरे. त्यांनी बसवलेल्या नळाखाली कायम बादली असे. एकदा कॉलनीच्या पाण्याच्या मोटरीत त्यांनी हात घातला आणि अकरा घरं चार दिवस टँकरवर होती. चौथ्या दिवशी मिस्त्री आला, त्यानं वीस मिनिटांत मोटर सुरू केली, आणि सर त्याच्या डोक्यावर उभे राहून त्याला त्यानं काय केलं ते समजावून सांगत होते. चूक झाली असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. चूक कंपनीची असे, वायरिंगची असे, पाण्यातल्या क्षारांची असे.

अंधश्रद्धा हा त्यांचा खास विषय. गॅदरिंगला दरवर्षी त्यांचं व्याख्यान ठेवलेलं असे. ट्रकला बांधलेलं लिंबू-मिरची ते कुठून तरी सोडवून आणायचे, स्टेजवर लिंबू कापायचे, पेल्यात पिळायचे आणि सरबत करून सगळ्यांसमोर पिऊन दाखवायचे. पोरं टाळ्या वाजवायची. मीही वाजवायचो. मानपत्रात तो प्रसंग मी फार रंगवून लिहिला आहे.

प्रयोगशाळा म्हणजे तर त्यांचं देवघर. तिथे सूक्ष्मदर्शक होता, भिंगं होती, काचेच्या नळ्या होत्या, आणि कशालाही हात लावायला बंदी होती. "काचेला बोट लावायचं नाही. बोटाला तेल असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण काचेला दिसतं." हे वाक्य त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. वर्षानुवर्षं एकेक बॅच ती भिंगं लांबून बघून पास झाली. बंदी सगळ्यांनाच होती, पण भीमनगरातल्या सुमेधला ती दोनदा सांगितली जायची. का, ते वर्गातल्या प्रत्येक पोराला कळत होतं. स्टाफरूममध्ये बसलेल्या आम्हा शहाण्यांना तेवढं कळत नव्हतं, किंवा कळून न कळल्यासारखं करायची आम्हाला सवय होती. सुमेधचे वडील वेल्डिंगचं काम करत. सर भर वर्गात त्याला म्हणाले होते, "तुला कशाला हवाय रे सूक्ष्मदर्शक? तुला पुढे पान्हेच फिरवायचेत." सुमेधनं पुढे खरंच पान्हे फिरवले. बसस्टँडच्या मागे त्याचं गॅरेज आहे आणि आज निम्म्या तालुक्याच्या गाड्या त्याच्या हाताखालून जातात. त्याचं नाव निघालं की सर अजून म्हणतात, "माझाच विद्यार्थी. पण डोकं नव्हतं."

आता मालतीवहिनी. सरांच्या बायकोबद्दल मी मानपत्रात 'सुविद्य सहचारिणी' एवढेच दोन शब्द खर्च केले होते. कमी बोलणारी बाई. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी गाडी शिकून घेतली, तीही कोणाला न सांगता, दुपारच्या वेळी क्लास लावून. सरांना गाडी येत नाही. दोनदा शिकायला गेले आणि दोन्हीदा शिकवणाऱ्यालाच शिकवून परत आले. तेव्हापासून वहिनी गाडी चालवतात आणि सर शेजारी बसून वहिनींना चालवतात. "क्लच. आता क्लच सोड. आता बघ." वहिनी त्यांचं त्या करत राहतात.

ढाणकीला वहिनींची आई एकटी राहायची. ऐंशी पार झालेली. मागल्या वर्षी अंगणात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. वहिनी एकुलत्या एक. त्यांनी आईला उमरखेडला आणलं होतं, आठ दिवसांसाठी. त्या आठ दिवसांत सरांनी तिला घास किती वेळा चावायचा, पाणी बसून कसं प्यायचं आणि कुशीवर वळताना कुठला स्नायू वापरायचा ते शिकवलं. नवव्या दिवशी म्हातारी म्हणाली, "माय, मले माया घरी नेऊन सोड. मले पडून मराचं असन तं मरतो, पण शिकून नाही मरत." मधल्या भिंतीवरून हे मला ऐकू आलं, आणि त्या म्हातारीबद्दल मला जे वाटलं ते मला सरांबद्दल सव्वीस वर्षांत कधी वाटलं नाही.

मग वहिनींचं असं सुरू झालं की पहाटे साडेपाचला गाडी काढायची, ढाणकीला जायचं, आईला उठवायचं, धुवायचं, न्हाऊ घालायचं, चहा द्यायचा आणि नऊ वाजता सखूबाई नावाची कामवाली आली की परत निघायचं. म्हातारी दुसऱ्या कोणाच्या हातून अंग धुवून घ्यायची नाही. वहिनी पोचेपर्यंत ती खाटेवर पडून वाट बघायची. उशीर झाला की आपणच उठायला बघायची, हीच खरी भीती होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडली तर उठायची नाही. रोज वेळेवर पोचणं याच्यावर वहिनींचं सगळं टांगलेलं होतं. सर कधी सोबत गेले नाहीत. पहाटेची हवा त्यांना सोसत नसे.

तो रस्ता हिवाळ्यात वाईट. पैनगंगेच्या अंगानं धुकं वर येतं आणि ओलिताच्या शेतांवर बसून राहतं. त्यात उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही, तांबडं फडकंसुद्धा नाही. मोठे दिवे लावले तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. वहिनी फॉगलाईट लावून जायच्या, खाली जमिनीलगत पिवळा उजेड पडतो, रस्त्याची कड दिसते, तेवढ्यावर. डिसेंबरात त्यातला उजव्या बाजूचा, ड्रायव्हरच्या बाजूचा, दिवा गेला.

"सुमेधकडून टाकून आणतो," वहिनी म्हणाल्या. "दहा मिनिटाचं काम हाय."

सरांचं बोट वर गेलं. "कशाला? एक बल्ब बदलायला गॅरेज? यात काय होतं, मी सांगतो. मी घरीच बदलतो. रविवारी."

रविवारी वहिनी एसटीनं ढाणकीला गेल्या आणि सरांनी फाटकासमोर मांडामांड केली. सतरंजी, तिच्यावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर पान्हे, मोबाईल टेकवायला उखळ. मोबाईलवर फॉगलाईट कसा बदलावा त्याचा व्हिडिओ. तो दुसऱ्याच गाडीचा होता हे मला नंतर कळलं. मला भिंतीवरून बोलावलं, कारण सांगायला कोणीतरी लागतं. वहिनींच्या गाडीला स्टेअरिंग एका बाजूला वळवलं की चाकामागचं प्लास्टिक उघडं पडतं, चार क्लिपा काढल्या की हात आत जातो. सरांनी जॅक लावला आणि अख्खं चाक काढलं. मग क्लिपा काढल्या. चारातल्या तीन तोडल्या.

माझ्या लक्षात आलं की ते भलत्याच बाजूला बसलेत. गाडीसमोर तोंड करून उभं राहायचं आणि आपल्या उजव्या हाताला जे येईल ते उजवं समजायचं, असा त्यांचा हिशेब झाला होता. मी म्हणालो, "सर, बंद दिवा या बाजूचा नव्हे ना? ड्रायव्हरच्या बाजूचा होता."

सरांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तुम्ही मराठीवाले. डावं-उजवं हे सापेक्ष असतं. निरीक्षक कुठे उभा आहे त्यावर ते ठरतं." आणि पाच मिनिटं त्यांनी मला सापेक्षता समजावली. सगळं बरोबर समजावलं आणि बसून राहिले चुकीच्याच बाजूला. मी पुढे बोललो नाही. वाद घालायचा कंटाळा, दुसरं काही नाही. चहा घेतला आणि बघत राहिलो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

आतून त्यांनी चांगला चालता बल्ब ओढून काढला. तो उन्हात धरून मला दाखवला. "बघा, तार तुटलेली स्पष्ट दिसते." मला तार अख्खी दिसत होती. मी "हो" म्हणालो. त्यांनी तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग नवा बल्ब खोक्यातून काढला, काचेला धरून, चांगला निरखून पाहिला, बनियनला पुसला. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. ते आत गेले आणि एका वाटीत तेलात कालवलेलं कुंकू घेऊन आले. इकडे-तिकडे पाहिलं. मी भिंतीशी उभा आहे याचा त्यांना विसर पडला असावा. तर्जनी वाटीत बुडवली आणि बल्बच्या काचेवर टिळा लावला.

मग मी दिसलो. "अंधश्रद्धा नाही," ते म्हणाले. "यंत्राबद्दल आदर. आपण दसऱ्याला करतोच."

"तेलात कशाला कालवलं?"

"कोरडं कुंकू काचेवर टिकत नाही. तेलानं धरून राहतं. साधं विज्ञान आहे."

हाच तो लिंबूसरबत पिणारा माणूस. मला त्या क्षणी त्यांची किळस आली, देव मानणाऱ्याची येत नाही तशी. माझी आई नव्या सुपाला कुंकू लावायची, पण तिनं स्टेजवर उभं राहून दुसऱ्याच्या लिंबावर टाळ्या घेतल्या नव्हत्या. दिवा मात्र त्या टिळ्यानं बिघडेल हे मला माहीत नव्हतं. ते ज्याला माहीत असायला हवं होतं त्यानंच तो लावला होता.

दुपारी वहिनी आल्या. तुटलेल्या क्लिपांच्या जागी सुतळी बांधली होती. सरांनी दिवे लावून दाखवले. डावा लखलखला.

"उजवा तं बंदच हाय," वहिनी म्हणाल्या.

सरांचं बोट वर गेलं. "वायरिंग. हा कंपनीचा दोष आहे. एक लागतोय ना, एकावर भागतं."

"मी सुमेधले दाखवतो उद्या."

"काहीच गरज नाही," आणि मग वऱ्हाडी बाहेर आली, "त्यानं कायले हात लावाचा माया कामाले? म्या केलं न आता. मी वायरिंग पाहून राह्यलो, दोन दिवसात देतो करून." वहिनींनी पदर खांद्यावर सारखा केला आणि आत गेल्या. त्यांच्या आणि सरांच्या संसारातली बहुतेक भांडणं अशीच संपलेली आहेत.

त्याच आठवड्यात शुक्रवारी फार दाट धुकं पडलं. वहिनी निघाल्या तेव्हा मी अंगणात होतो आणि मला एकही पिवळा दिवा दिसला नाही. वाटलं, धुक्यामुळे नसेल दिसत. वहिनींनाही ते गावाबाहेर पडल्यावर कळलं. परत फिरावं तर आई वाट बघतेय, म्हणून त्या हळूहळू पुढे गेल्या. अर्ध्या वाटेवर उसाची ट्रॉली उभी होती, ती दिसली तेव्हा चार-पाच हातांवर होती. त्यांनी स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी बाजूच्या नालीत उतरली. त्यांच्या मनगटाला मार लागला, बाकी वाचल्या. सखूबाईचा फोन लागेना. ट्रॅक्टर येऊन गाडी बाहेर निघेपर्यंत नऊ वाजून गेले.

ढाणकीला पोचल्या तेव्हा सखूबाई दारातच उभी होती. म्हातारीनं लेकीची वाट पाहिली, उजाडलं, उन्हं आली. मग तिला बहुतेक वाटलं की रोज पोरीला किती त्रास द्यायचा, आज आपणच न्हाणीपर्यंत जावं. ती न्हाणीच्या उंबऱ्याशी पडलेली सापडली, आधी मोडलेल्या खुब्याच्याच बाजूवर.

संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो. वहिनी दवाखान्यात होत्या. सर घरी होते, आणि आलेल्या प्रत्येकाला समजावत होते. धुक्यात प्रकाशाचं काय होतं. पाण्याचे कण. विखुरणं. "मी तिला कितीदा सांगितलं, धुक्यात वेग कमी ठेवायचा. बायकांना अंतराचा अंदाज येत नाही." बायकोच्या सुजलेल्या मनगटाबद्दल एक शब्द नाही, दिव्याबद्दल एक शब्द नाही. मी त्या दिवशी चहा न घेता उठलो. माझ्यासारख्या माणसाकडून एवढाच निषेध होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनगटाला पट्टी बांधलेल्या वहिनी भिंतीशी आल्या. "भाऊजी, सुमेधकडे येता का संग?" सुमेध त्यांना बघून गॅरेजबाहेर आला, हात पुसत. वहिनी म्हणाल्या, "बाबू, तू नको बदलू. मले शिकव. मी करतो."

त्यानं शिकवलं. स्टेअरिंग वळवा म्हणाला, सुतळी कापली, तुटक्या क्लिपा बाजूला ठेवल्या. डाव्या बाजूला वहिनींनीच हात घातला, होल्डर उलटा फिरवला आणि बल्ब बाहेर काढला. काच एका जागी फुगली होती. फुगलेल्या जागी जळून काळा झालेला गोल डाग. सुमेधनं तो खालच्या धातूला धरून उजेडात पाहिला.

"काय लावलं होतं यावर, काकू? इथं तेल जळलं. हा लय तपते न, तेल लागलं की तिथंच काच फुगते. दोन-चार दिवसात जाते."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितलं. कुंकू, वाटी, तेल, सगळं. चुकीची बाजूही सांगितली. माझ्या तोंडून ते इतक्या उशिरा निघालं याची लाज वाटून मी बसस्टँडकडे बघत उभा राहिलो.

सुमेध हसला नाही. त्यानं दोन नवे बल्ब आणले, एक स्वच्छ फडकं वहिनींच्या हातात दिलं आणि म्हणाला, "फडक्यानं धराचं काकू. काचेले बोट नाही लावाचं. बोटाले तेल राह्यते, आपल्याले दिसत नाही पण काचेले दिसते." मग बल्ब पुढे करत, "सरनंच शिकवलं होतं हे."

वहिनींनी दोन्ही बाजूंचे बल्ब स्वतः बदलले. दुखऱ्या हातानं अर्धा तास लागला. चुलीवरचं पातेलं उतरवावं तसं त्यांनी ते फडक्यात धरलं होतं. दिवे लावले तेव्हा दोन्ही लागले. जुना जळका बल्ब त्यांनी फडक्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

म्हातारीला दवाखान्यातून घरी आणल्यावर वहिनी पाच आठवडे रोज ढाणकीला गेल्या. आता आईला उठवायचं नव्हतं, खाटेवरच सगळं करायचं होतं. साडेपाचला त्यांचे दोन पिवळे दिवे आमच्या भिंतीवरून सरकत जायचे आणि मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेला असायचो. सर कधीमधी माकडटोपी घालून फाटकात उभे असत आणि गाडी पुढे जात असताना हातानं 'येऊ दे, येऊ दे' करत. दिवे कोणी बदलले हे त्यांनी वहिनींना विचारलं नाही. तीन दिवसांनी मला मात्र सांगितलं, "शेवटी वायरिंगचा दोष मी शोधलाच." मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. माझ्या पाहण्यानं त्यांना काही होत नाही.

फेब्रुवारीत म्हातारी गेली. वहिनी जवळ होत्या.

परवा तेरवी झाल्यावर आम्ही पुन्हा त्यांच्याकडे बसायला गेलो. शाळेतले दोन जुने सहकारी होते, माझी बायको होती, आणि दाराशी सुमेध उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं, मी म्हटलं. सर खुर्चीत, वर माझं मानपत्र. बोट वर गेलं.

"समाधान एवढंच की मालतीच्या हातून आईची शेवटपर्यंत सेवा घडली. आता ती कशामुळे घडली? गाडीमुळे. आणि गाडी एवढ्या धुक्यातून रोज कशामुळे गेली? लोकांना वाटतं या गोष्टी आपोआप होतात. फॉगलाईटचा बल्ब मी स्वतः, घरी बदलला. गॅरेज नाही, मिस्त्री नाही." हे बोलताना त्यांनी सुमेधकडे पाहिलं. सुमेध खाली सतरंजीकडे बघत होता.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रेमध्ये कपांच्या शेजारी एक स्टीलची छोटी बशी होती. त्यांनी ती सरांच्या समोर तिपाईवर ठेवली. बशीत तो बल्ब होता, फुगलेल्या काचेचा, काळ्या टिळ्याचा.

"हा तुम्ही लावलेला," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी सुमेधपासून सुरुवात करून सगळ्यांना चहा दिला. सरांचा कप ट्रेमध्येच राहिला आणि ट्रेबरोबर आत गेला.

सरांचं बोट खाली आलं. सव्वीस वर्षं शाळेत आणि त्यानंतर भिंतीवरून मी ते बोट बघत आलोय, आणि ते असं मांडीवर पडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. एक शब्द बोलला असता तरी मी त्या मानपत्रातली एखादी ओळ राहू दिली असती.

सर पुढे वाकले. त्यांनी बशीतून बल्ब उचलला, दोन बोटांत, बरोब्बर काचेला धरून, आणि उजेडाकडे केला.

"यात काय होतं," ते म्हणाले, "मी सांगतो."